नागोमामांचा दोर

मागच्या आठवड्यात आमच्या शिलाईच्या हॉलमध्ये एका पोरीच्या बोटातून सुई गेली. ती ओरडली. जीव खाऊन ओरडली. पण दोनशे मशिनी चालू असताना ओरडणं म्हणजे नुसतं तोंड उघडणं. शेजारणीची नजर गेली, तिनं मशीन बंद केली, तेव्हा कुठं आम्हाला कळलं. पोरगी बरी आहे. पट्टी बांधून दोन दिवसांनी कामावर आली. मी मात्र तेव्हापासून कापड सरकवता सरकवता मध्येच थांबते आणि कान देते. बाजूची तमिळ बाई भुवया उडवून विचारते, काय झालं? तिला कसं सांगू? माझ्याकडं तिच्या भाषेतले चाळीसेक शब्द आहेत, आणि त्यांत नागोमामा बसत नाहीत.

मराठीत बसतात का बघते. माझी शाळा आठवीत सुटली. नववीचा वर्ग दुसऱ्या गावी होता, आणि मधली वाट पोरीनं एकटीनं चालायची नाही असं घरच्यांना वाटलं. तेव्हा कुठं चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नागोमामा माझे सख्खे मामा नव्हेत. कळमनुरीहून वारंगा फाट्याकडं जाताना उजव्या अंगाला आमचा तांडा लागतो, डाव्या अंगाला त्यांचं गाव. ते विहिरी पाडायचे. त्यांची स्वतःची यारी होती. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं लोखंडी यंत्र: एक खांब, त्यावर फिरणारी लांब दांडी, तारेचा दोर आणि काळा धूर ओकणारं डिझेल इंजिन. खाली माणसं दगड फोडून बादलीत भरतात, यारी बादली वर घेते, आणि वर ती रिकामी करायला बाया असतात. शाळा सुटल्यावर मी त्या बायांत गेले. बाकीच्या बाया बदलत राहिल्या, कुणाचं लग्न झालं, कुणी ऊसतोडीला गेली. मी पाच-सहा वर्षं तिथंच राहिले.

अंगानं ते बेताचेच होते, पण मनगटं बघितली तर वाटायचं, ही दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाची आणून लावलीत. मिशा पांढऱ्या, मधोमध पिवळ्या. वर्षानुवर्षं खाली बघून मान कायमची पुढं झुकलेली. बोलताना समोरच्याच्या पायांकडं बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या चपलेला काय लागलंय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंड काय, कसंबी करता येतं पोरी. भ्यालेल्या मानसाची आधी पायाची बोटं आकसतात. वरून मला बोटंच दिसतात, तोंड न्हाई दिसत."

त्यांचे कायदे होते. 'दगडाला तार, माणसाला दोर' हा पहिला. तारेवर फक्त बादली जायची. माणूस उतरायचा तो यारीलाच जोडलेल्या जाड दोरावर, आणि तो दोर रोज सकाळी आधी नागोमामा स्वतः तपासायचे. तपासणं म्हणजे काय, तर पाय वर घेऊन त्याला लोंबकळायचं आणि मोठ्यानं दहापर्यंत आकडे म्हणायचे. पन्नाशीचा माणूस असा वडाच्या पारंबीला पोरगं लोंबावं तसा लोंबतोय, हे बघून रस्त्यावरचे मोटारसायकलवाले हॉर्न वाजवायचे. ते आकडे चुकू द्यायचे नाहीत.

दुसरा कायदा शब्दाचा. विहिरीच्या काठावर 'पडला', 'पडते' असं कुणी तोंडातून काढायचं नाही. बादली पडत नाही, उतरते. दगड उतरतो. एकदा माझ्या हातून जेवणाचा डबा थेट खाली गेला, तेव्हाही मला "मामा, डबा उतरला" असंच म्हणावं लागलं होतं. खालून टोळीतल्या बळीरामचा आवाज आला, "भाजी बी उतरली, माज्या डोक्यावर."

आणि तिसरा कायदा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. त्यांच्या टोळीत एक माणूस काहीच काम करायचा नाही. गफूरचाचा. ते काठावर दगडावर बसून फक्त ऐकायचे. इंजिन कितीही धडधडू दे, खालून माणसाचा आवाज आला की चाचांनी हात वर करायचा, आणि हात वर झाला की बळीराम असो नाहीतर आणखी कुणी, इंजिनावरच्या माणसानं काहीही न विचारता दोर वर घ्यायचा. "ओरडलं की वर." का ओरडला ते वर आल्यावर विचारायचं. विंचू दिसला म्हणून ओरडला तरी वर, गाणं म्हणताना ओरडला तरी वर. चाचांना बाकीच्यांइतकीच मजुरी. एका विहिरीच्या मालकानं बोलून दाखवलं होतं, "हा बसून खातो की." नागोमामा त्याच्या पायांकडं बघत म्हणाले, "तो बसलाय म्हणून बाकीचे खातेत."

हा कायदा कुठून आला ते मला त्यांच्या बायकोनं, कौसामामीनं सांगितलं. औंढ्याकडच्या एका विहिरीत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. दरड सुटायच्या आधी तो ओरडला असणार, पण इंजिन चालू होतं आणि इंजिनावर नागोमामा होते. त्यानंतर त्यांना एक सवय लागली, माणसं मोजायची. संध्याकाळी काम संपलं की "पाच गेले, पाच आले." लग्नाच्या पंगतीत, बाजारात, देवळात, जिथं आपली टोळी असेल तिथं त्यांची बोटं धोतराच्या काठाआड हलत असायची.

मग बोअरच्या गाड्या आल्या. एका दिवसात गाडी येते, भोक पाडते, निघून जाते. विहिरींची कामं वर्षाला दोन-तीनवर आली. यारी एका अर्धवट सोडलेल्या कोरड्या विहिरीवर उभी होती, आमच्याच रस्त्याच्या कडेला. मालकाचा उत्साह संपला होता, विहीर चाळीस हातांवर थांबली होती. टोळी रोज सकाळी सवयीनं तिथं येऊन बसायची. अशा दिवसांत प्रशांत आला.

प्रशांत कळमनुरीत लग्नाचं शूटिंग करायचा. एक कॅमेरा, एक लॅपटॉप, आणि लागेल तेव्हा मित्राकडून मागून आणलेलं ड्रोन. त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला होता. जुन्या काळी आमच्या तांड्यांची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून न्यायची. त्या काळातली गोष्ट: लुटारू मागं लागलेत, तांड्याचा म्हातारा नाईक वाटेत वारला, त्याची मुलगी तांडा पुढं नेते. शेवटी लुटारू तिला एका पडक्या विहिरीपाशी गाठतात आणि ती उडी टाकते. नाव 'बारा बैलांची वाट'. बैल सातच मिळाले; पहिले पाच कॅमेऱ्याच्या मागून पळवत आणून पुन्हा शेवटी चालवले. त्यातला एक बांडा होता, अंगावर पांढरे-काळे पट्टे असलेला, तो दोनदा जातो हे आमच्या तांड्यातल्या पोरांना अजून पाठ आहे.

"मामा, हिरोईन विहिरीत पडते," प्रशांतनं गोष्ट सांगता सांगता म्हटलं.

बळीराम उठून उभा राहिला. गफूरचाचा "तौबा तौबा" म्हणाले.

"काय करते?" नागोमामांनी त्याच्या बुटांकडं बघत विचारलं.

"पड..."

"उतरते म्हण," मी मागून पुटपुटले.

"हां, उतरते. जरा लवकर उतरते."

"किती लवकर?"

"एकदम, मामा."

"मंग असं बोल ना बा. एकदम उतरते. होते की. त्यात काय तकलीफ हाय?"

प्रशांतनं खरं ते सांगून टाकलं, की द्यायला काही नाही, दुपारचं जेवण तेवढं देईन. नागोमामांनी हात उडवला. पण म्हणाले, "माजी येक अट हाय. आमचं काम जमिनीखालचं. इहीर झाली की लोकं वाकून पानी बघतेत, नारळ फोडतेत, मालकाच्या गळ्यात हार घालतेत. दोर कुनी बघत न्हाई. तुज्या पिक्चरमंदी लोकांना दोर दिसला पायजे. आमी कसं उतरतो, कसं वर घेतो, येक डाव बघू दे सगळ्यांना."

"दिसंल की मामा," प्रशांत म्हणाला. त्या दिवशी तो कशालाही हो म्हणाला असता. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मनगटाएवढा जाड दोर, तो दिसणार नाही तर जाईल कुठं?

अशी आमची फायटिंगची टीम झाली. विहीर पाडणारे पाचजण आणि मी. माझं कारण असं की प्रशांतच्या मावशीची मुलगी पूजा, हिंगोलीला कॉलेजात शिकणारी, ती हिरोईन होती. दिसायला छान, बोलायला गोड, पण काठावर उभी केली की ती चार हात मागं सरकायची. माझी उंची तिच्याएवढी. मला घाबरायला होत नव्हतं असं नाही. मला सगळ्याच गोष्टींची भीती वाटते, अजूनही खोलीची कडी तीनदा बघते. पण त्या दोरावर मला भीती वाटायची नाही, कारण तो सकाळी कुणीतरी दहापर्यंत मोजून ठेवलेला असायचा.

सराव सोयाबीनच्या कुटारावर. मळणीनंतरचं कुटार नागोमामांनी चार शेतांतून मागून आणलं, ढीग केला, त्यावर तांड्यातल्या आणि गावातल्या बायांकडून आणलेल्या वाकळा अंथरल्या. आधी झाडाच्या खालच्या फांदीवरून, मग बैलगाडीवरून, मग खळ्याच्या भिंतीवरून उतरायचं. सगळ्यांच्या अंगाला अशी खाज सुटली की लुटारू झालेला एक पोरगा तलवारीनं पाठ खाजवत फिरायचा. एकदा मी भिंतीवर उभी, कॅमेरा चालू, आणि कौसामामी तरातरा आल्या आणि ढिगावरची वाकळ ओढायला लागल्या.

"मामी! शॉट चालू हाय!" प्रशांत ओरडला.

"असू दे. घरी पाव्हणे आलेत, त्यांना काय शॉट पांघरू?"

नागोमामांनी मला हातानं थांबवलं, ढिगावर राहिलेल्या वाकळा मोजल्या आणि म्हणाले, "येक वाकळ कमी झाली. आज भिंतीवरून न्हाई, गाडीवरून." प्रशांतनं लाख सांगितलं की एका वाकळीनं काय फरक पडतो. तो दिवस गाडीवरूनच गेला.

खरी गंमत झाली ती पूजाच्या वेळेला. तिचं तोंड दिसायला हवं म्हणून तिला विहिरीत फक्त दोन हात खाली दोराला धरून लोंबवायचं होतं आणि तिनं "वाचवा! कुणीतरी वाचवा!" असं ओरडायचं होतं. ती धीर करून लटकली. प्रशांत 'ॲक्शन' म्हणाला. पूजा ओरडली. गफूरचाचांचा हात वर गेला, इंजिन धडधडलं, आणि पूजा तोंड उघडं ठेवूनच कॅमेऱ्याच्या वर निघून गेली.

"चाचा, वर नाही घ्यायचं! ती खोटं ओरडतेय!"

"अरे बेटा, मेरे कू क्या मालूम खोटं की खरं," चाचा म्हणाले. "आवाज आया, हात गया."

पुन्हा लटकवलं. पुन्हा ओरडली. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी बळीरामनं स्वतःच्या हाताला चिमटा काढून धरला होता, तरी चाचांचा हात दिसला आणि त्याचा हात दांड्यावर गेलाच. प्रशांतनं टोपी जमिनीवर आपटली.

"मामा, तुमी सांगा ना यांना! फक्त आजच्या दिवस! ओरडलं तरी घेऊ नका!"

नागोमामा काठावर उकिडवे बसले होते. रागावले नाहीत. एखाद्या लहान लेकराला समजवावं तसं म्हणाले, "बाळा, ही सवय मला सोळा-सतरा वर्षं लागली शिकवायला. आज तू म्हनतो आवाज आला तरी गप बसा. यांचा हात येक डाव थांबला, की पुढच्या इहिरीत बी थांबंल. उगं घटकाभर थांबंल. तेवढ्यात मानूस जातो."

"मग सिनेमात वाचवा कसं म्हणायचं?"

"मुक्यानं म्हनू दे. आवाज मागून टाक. तुमच्यात टाकता येतो ना?"

टाकता येत होता. पूजानं सगळा सिनेमा विहिरीत मुक्यानं तोंड हलवलं, आणि पुढं कळमनुरीच्या एका बंद खोलीत गाद्या लावून "वाचवा" रेकॉर्ड केलं. ते ऐकायला नागोमामा मुद्दाम गेले होते. ती ओरडली तसे दचकून उठले, दार उघडून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले.

ती बंदी मलाही लागू होती. दोरावर असताना आवाज करायचा नाही. केला तर शॉट गेला. आणि शेवटची उडी माझी होती.

त्या दिवसाची गडबड सांगते. ड्रोन तेवढ्याच दिवसापुरतं मिळालं होतं. बैलवाल्यांची पेरणीची घाई होती, बैल दुसऱ्या दिवशी परत जाणार होते. सूर्य कलत आलेला. मी पूजाचा फेटिया आणि कांचळी, म्हणजे आमच्या बायांचा घागरा-चोळी, घालून काठावर उभी, दोर कपड्यांच्या आतून छातीखाली बांधलेला. धावत येऊन उडी टाकायची, यारी एकदम सोडायची आणि पंधरा हातांवर अलगद धरायची. मी उडी टाकली. दोर धरला गेला तेव्हा आतला फास सरकून बरगड्यांवर आला आणि आवळला. श्वास बाहेर गेला तो आत येईना. वर ड्रोनची घरघर चालू होती. मला एवढंच आठवतं की मी मनात म्हणत होते, बैल उद्या जाणार, बैल उद्या जाणार. मी ओरडले नाही.

गफूरचाचांना ऐकायला काही नव्हतंच. पण नागोमामा काठावर आडवे पडून खाली बघत होते, माझ्या पायांकडं. कुणाचा हात वर झाला नव्हता. ते स्वतः ओरडले, त्या आवाजानं चाचांचा हात गेला आणि मी वर आले.

जमिनीवर मला खोकला लागला. प्रशांत पाणी घेऊन धावला. नागोमामांनी फास कापला आणि माझ्यासमोर बसले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काहून ओरडली न्हाई?"

"शॉट गेला असता मामा."

"शॉट गेला असता," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "शॉट गेला असता." मग त्यांनी डोक्याचा पटका सोडला, तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. टोळी दुसरीकडं बघत उभी राहिली. जरा वेळानं उठून म्हणाले, "सहा गेले, सहा आले. बंद. पिक्चर बंद."

प्रशांतनं हातापाया पडून बघितलं. उडीशिवाय सिनेमा होत नव्हता; बाकीचं सगळं तिच्यासाठीच होतं. मी रडून सांगितलं की चूक माझी, मी पुन्हा करते, आता नीट करते. ते माझ्या पायांकडं बघून "न्हाई" एवढंच म्हणायचे. सिनेमा माझ्यामुळं बुडाला या विचारानं मला भाकर गिळेना. आणि मला हेही कळत होतं की बुडाला तर त्यांचा दोरही कुणी बघणार नाही. 'बंद' म्हणताना ते काय सोडत होते हे त्या सगळ्यांत त्यांना आणि मलाच नीट माहीत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते तांड्यावर आले, माझ्या आईपाशी. "तो फेटिया हाय का, पोरीचा? नाडा लांब लागंल."

पन्नाशी उलटलेला, पिवळ्या मिशांचा माणूस आरशाचे तुकडे लावलेला लाल फेटिया नेसून, डोक्यावरून ओढणी घेऊन रस्त्यानं विहिरीकडं निघाला, आणि मागं अख्खा तांडा. कौसामामी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "इतक्या वर्षांत मला येक लुगडं धड आनलं न्हाई, अन् सोता बघा कसं नटलंय!" नागोमामांनी दोर बांधला, नवीन तऱ्हेनं, मांड्यांभोवतीही. लोंबकळून दहा आकडे म्हटले. बैल शेजारच्या गावातून तेवढ्या सकाळपुरते दोन मिळाले. ड्रोन नव्हतं, प्रशांत कॅमेरा घेऊन यारीच्या दांडीवर चढला.

नागोमामा धावत आले आणि पाठमोरे काठावरून गेले. आणि गेल्या गेल्या एवढ्या आनंदानं "हौऽऽ!" करून ओरडले की चाचांचा हात वर, इंजिन सुरू, आणि मामा लाल फेटियासकट भर्रकन वर.

"या अल्ला, नागू, तू भी?" चाचा म्हणाले.

"लई मज्जा येते रे गफूर," मामा म्हणाले. "मला काय ठाव! आजपस्तोर मी नुसता काठावर बसलो." दुसऱ्या वेळी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून गेले, आणि ती उडी सिनेमात आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी सिनेमा दाखवला, आमच्या तांड्यावर देवळाच्या भिंतीला पांढरं कापड बांधून. दिवस मावळला तसे दोन्ही गावचे लोक जमले. नागोमामा टोळीसकट पुढं बसलेले, चाचांची नातवंडं मांडीवर. बैल गेले, बांड्या दोनदा गेला, पोरं ओरडली. लुटारू आले. मग ती विहीर आली, लाल फेटिया धावत आला आणि हवेत गेला. खाली, खाली, अंधारात. कशाचाच आधार नसलेली एक पोरगी. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बायांनी "आई गं" केलं.

नागोमामा मागं वळून प्रशांतला शोधत होते. "दोर कुठं गेला?"

"काढला मामा!" प्रशांतचा चेहरा उजळला होता. "कॉम्प्युटरवर. एकेक चित्र घेऊन पुसला. महिना गेला त्याच्यात. कुठं दिसतो का बघा! अजिबात दिसत नाही ना?"

नागोमामांनी पडद्याकडं बघितलं. "न्हाई," म्हणाले. "चांगला पुसला."

शेवटी नावं आली तेव्हा लोक चपला शोधत होते. नागोमामांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं: दोर, नागोराव आणि मंडळी. ते हसले. "लिवलंय खाली, पुसलंय वर." मग बोटं हलली, टोळी मोजून झाली आणि ते घरी गेले. प्रशांतला काय झालं ते कळलं नव्हतं. मी त्याला सांगितलंही नाही. त्यानं महिनाभर डोळे फोडून केलेलं काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले. ते एकटेच होते.

"वाईट वाटलं मामा?"

"वाईट काय. पिक्चर झाली, सगळे धड हायत. बेस झालं." त्यांनी दोराची गुंडाळी सारखी केली. "गफूरच्या नातवानं इचारलं, बाबा, तुमी पिक्चरमंदी कुठं व्हता? त्याला दाखवाया काय पायजे व्हतं, येवढंच."

त्यानंतर महिनाभरात माझं इकडं, तमिळ मुलखातल्या या शिलाईच्या कंपनीत, यायचं ठरलं. गावातल्या दोघी आधीच इथं होत्या, कंपनीचं राहणं होतं, तिकीट होतं. नागोमामा मला सोडायला येतील असं मला वाटलं होतं. आई आली, कौसामामी शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. ते आले नाहीत. मामींनी विचारण्याआधीच सांगितलं, "सकाळीच गेलेत, कुठं काय की." मी कळमनुरीहून नांदेडच्या बसमध्ये बसले आणि मनातून रुसले.

आता या गोष्टीला चार वर्षं झाली. मी फोन करते. इंजिनाशेजारी आयुष्य काढल्यामुळं त्यांचे कान आता जवळजवळ गेलेत. मी काहीही बोलले तरी ते म्हणतात, "हां हां. जेवली का?" मी म्हणते जेवले, सुट्टी मिळाली की येते, मामा, मला इथं करमत नाही. ते म्हणतात, "हां हां. जेवली का?" मग मामी फोन घेतात. ऐकू येत नाही, वाचता येत नाही. मी हे कुणासाठी लिहितेय ते मलाही नीट सांगता येत नाही.

पण त्या दिवशीची बस मला अजून दिसते. खिडकीच्या बाजूची जागा होती. आमचा तांडा मागं पडला आणि डाव्या अंगाला यारीचा खांब दिसायला लागला. विहिरीच्या ढिगाऱ्यावर माणसं होती. चार-पाच मोटारसायकली रस्त्याला लावलेल्या, सिनेमा बघून उडीची जागा शोधत आलेली कॉलेजची पोरं असावीत. गवताचे भारे उतरवून ठेवलेल्या दोन बाया. गफूरचाचा, एक नातवंड खांद्यावर, एक हाताला धरून. आणि मध्ये नागोमामा, दोराला लोंबकळलेले, पाय वर घेतलेले, तोंड हलतंय. मग पाय टेकवून त्यांनी दोर एका पोराच्या हातात दिला, त्याच्या मुठी आपल्या मुठीत धरून कशा बसवायच्या ते सांगायला लागले. दुसरा एकजण मोबाइलवर ते सगळं घेत होता. विहिरीत कुणीच वाकून बघत नव्हतं.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या अंगावरून मान लांब करून बघितलं.

"काय ग माय, इहिरीत काही झालं काय?"

"न्हाई मावशी," मी म्हटलं. "आमचे मामा दोर दाखवून राहिलेत."